बर्मिंगहॅमची जुनी चित्रपटगृहे : कुणा ठाणेकराने तिथे सिनेमा पाहिला आहे का?

चरईकर

नमस्कार. आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एक जण बोलतो आणि बाकीचे त्याला मध्ये मध्ये अडवतात. या वेळी बोलण्याची पाळी माझी आहे, आणि मागचापुढचा विचार न करता मी 'बर्मिंगहॅममधील जुनी चित्रपटगृहे' असा विषय देऊन बसलो आहे. माझ्याजवळची सामग्री पंधरा मिनिटांत संपेल अशी आहे आणि बोलायचे आहे चाळीस मिनिटे, म्हणून हा धागा.

माझा या विषयाशी संबंध एवढाच की २०१८ च्या उन्हाळ्यात मी चार महिने मुलीकडे बर्मिंगहॅमला होतो. मुलगी आणि जावई कामावर गेले, नातू शाळेत गेला की दिवस खायला उठे. तिथे ११ क्रमांकाची बस शहराला बाहेरून मोठा वळसा घालते. ज्येष्ठांच्या सवलतीवर माझा हक्क नसल्यामुळे मुलीने मला पासच काढून दिला होता, आणि तो वसूल करण्याच्या ठाणेकरी हट्टापायी मी त्या बसमधून बरेच हिंडलो. पेरी बार नावाच्या भागात एक इमारत दिसली. लग्नसमारंभाचा हॉल असावा असे वाटले आणि तसे ते होतेही, पण ओडियन या नावाने (पुढे त्याच नावाची चित्रपटगृहांची मोठी साखळी झाली) उघडलेले पहिले चित्रपटगृह म्हणजे हीच इमारत आणि ते वर्ष १९३०, हे संध्याकाळी जावयाने सांगितले. पुढे किंगस्टँडिंगला चौकाच्या तोंडाशी आणखी एक इमारत पाहिली. तिच्या दर्शनी भागावर माशाच्या परांसारख्या तीन उंच पट्ट्या सरळ आकाशात गेलेल्या होत्या. आत बिंगो, म्हणजे आपल्याकडचा हाऊजी, चालू होता. मी दारापर्यंत गेलो, आत बघितले, आणि माझ्याच वयाच्या बायका आकड्यांवर खुणा करताना दिसल्यावर परत फिरलो.

खरा धक्का शहराच्या मध्यभागी न्यू स्ट्रीटवर बसला. पिकॅडिली आर्केड नावाचा दोन्ही बाजूंना दुकाने असलेला एक देखणा, झाकलेला बोळ आहे. त्यातून चालताना माझ्या उजव्या गुडघ्याने तक्रार केली. उतार मला डोळ्यांच्या आधी गुडघ्याला कळतो. दुकानांच्या बोळाला कुणी उतार कशाला देईल, असा विचार करत मी तो दोनदा चढलो-उतरलो. नंतर कळले की १९१० मध्ये तिथे पिक्चर हाऊस होते. १९२० च्या दशकात ते बंद करून त्याची बाजारपेठ केली, पण प्रेक्षागृहाच्या जमिनीचा उतार तसाच ठेवला. म्हणजे शंभर वर्षे होत आली तरी लोक तिथे पडद्याच्या दिशेनेच उतरत आहेत, फक्त पडदा नाही.

माझे बालपण अशोक, गणेश, प्रभात आणि पुढे वंदना या टॉकीजच्या आसपास गेले, त्यामुळे थिएटर म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. पण तिथला माणूस सिनेमाला कसा जात असे, आत गेल्यावर काय होई, आपल्या लोकांना हिंदी सिनेमा कुठे मिळे, आणि एवढ्या इमारती बिंगोच्या हाती कशा गेल्या, हे मला प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाकडून ऐकायचे आहे. जुन्या काळी तिकडे नोकरीला गेलेले बरेच जण ठाण्यात आणि नवी मुंबईत परतलेले आहेत, असे मी ऐकून आहे.

कोपरीकर

चरईकर, आपला निरोप माझ्या सुनेने मला वाचून दाखवला आणि मी सांगतो ते तीच टंकलिखित करीत आहे, तेव्हा शुद्धलेखनाचे श्रेय तिचे.

मी १९६९ ते १९७४ अशी पाच वर्षे बर्मिंगहॅममध्ये मोटारींच्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात होतो. राहायला स्पार्कब्रुकमध्ये, स्ट्रॅटफर्ड रोडच्या मागच्या एका गल्लीत. एका खोलीत आम्ही तिघे. मी एकटा मराठी, दुसरा जालंधरकडचा आणि तिसरा मिरपूरचा. शनिवारी ओव्हरटाइम असे आणि रविवारी हिंदी सिनेमा. त्या काळी आपली मंडळी रविवारपुरते एखादे चित्रपटगृह भाड्याने घेत आणि कुठून तरी मिळवलेली प्रिंट लावत. त्याच्या जाहिराती वर्तमानपत्रात नसत. किराणामालाच्या दुकानात डाळीच्या पोत्यांच्या वर हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला असे आणि तेवढ्यावर सगळ्या भागाला कळे.

ओल्या ओव्हरकोटांचा वास हीच माझी त्या थिएटरची पहिली आठवण आहे. बाहेर झिमझिम पाऊस, आत पाचसहाशे माणसे, प्रत्येकाच्या अंगावर लोकरीचा जाड कोट आणि तो काढून ठेवायला जागा नाही. त्यात प्रत्येक दुसऱ्या माणसाच्या हातात सिगारेट. प्रोजेक्टरचा झोत त्या धुरातून जाताना निळसर दिसे आणि पडद्यापेक्षा त्या झोताकडे पाहण्यातच कधी कधी अधिक मजा येई. पडद्यावर आई मुलाची वाट पाहत असली की सभागृहात एकही माणूस खोकत नसे. त्यांतील निम्म्यांना घरी जाऊन चार-चार वर्षे झालेली होती. मध्यंतरात एक पंजाबी बाई घरून पिठाच्या डब्यातून समोसे घेऊन येत. व्यवस्थापकाला ते मान्य नव्हते, पण दुसऱ्या मध्यंतरापासून त्याने स्वतःच दोन घेतले आणि वाद मिटला. (आपले सिनेमे त्यांच्या मानाने फारच लांब, म्हणून तिथे कधी कधी दोन मध्यंतरे होत.)

इंग्रजी सिनेमा पाहण्याची त्यांची रीत मात्र मला पहिले काही महिने समजलीच नाही. आपल्याकडे तीन, सहा, नऊ असे खेळ. घंटा झाली की आत, 'समाप्त' आले की बाहेर. तिथे दुपारी सुरू झालेला कार्यक्रम रात्रीपर्यंत अखंड चाले. मुख्य चित्रपट, त्याआधी एक कमी दर्जाचा दुसरा चित्रपट, मध्ये बातमीपट, जाहिराती, आणि संपले की पुन्हा पहिल्यापासून. माणूस तिकीट काढून केव्हाही आत शिरे, मग पडद्यावर खुनी पकडला जात असला तरी चालत असे. शेवट आधी, सुरुवात नंतर, आणि आपण आलो होतो ते दृश्य पुन्हा आले की शेजाऱ्याला कोपराने ढोसून उठायचे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा रहस्यपटाचा शेवट पाहिला आणि शिस्तीत उठून घरी आलो. खोलीवरच्या दोघांनी मला त्यावरून वर्षभर पिडले.

तिकिटाची एक गंमत सांगतो. काचेमागे बसलेल्या बाईसमोर पोलादी पाट असे आणि तिने कळ दाबली की पाटाच्या फटीतून तिकीट जिभेसारखे बाहेर येई. १५ फेब्रुवारी १९७१ ला इंग्लंडने शिलिंग आणि जुने पेनी सोडून दशमान चलन सुरू केले. त्या आठवड्यात गोरे गिऱ्हाईक खिडकीपाशी अडखळत आणि ती बाईही बोटे मोजत बसे. आम्ही मात्र सुटे पैसे बरोबर मोजून ठेवत होतो, कारण आपल्याकडे आणे जाऊन नवे पैसे १९५७ सालीच आले होते. एखाद्या बाबतीत आपण साहेबाच्या चौदा वर्षे पुढे आहोत, हे सुख मी त्या रांगेत उभा राहून पुरेपूर उपभोगले.

खेळ संपल्यावर काही ठिकाणी तेव्हाही त्यांचे राष्ट्रगीत वाजे. ते सुरू होण्याआधी दाराबाहेर पडण्यासाठी लोकांची जी पळापळ होई, ती मी पुढे ठाण्यातही पाहिली, तेव्हा मला फार बरे वाटले.

नेरुळची वाचक

कोपरीकर काका, आपल्या सूनबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि आपण सांगत राहा.

मी वास्तुरचनेच्या शिक्षणासाठी एक वर्ष बर्मिंगहॅममध्ये होते, तेव्हा इमारतींविषयी थोडे लिहिते. ओडियनचा संस्थापक ऑस्कर डॉइच हा बर्मिंगहॅमचाच, बॉल्सल हीथमध्ये १८९३ मध्ये जन्मलेला, हंगेरीहून आलेल्या ज्यू भंगार व्यापाऱ्याचा मुलगा. १९४१ मध्ये तो वारला, तोवर अवघ्या दहा-अकरा वर्षांत त्याची अडीचशेहून अधिक चित्रपटगृहे झाली होती. त्याच्या प्रसिद्धीखात्याने ओडियन या नावातील अक्षरे सोडवून 'ऑस्कर डॉइच आपल्या राष्ट्राची करमणूक करतो' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य पसरवले होते, पण मूळ शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ गायनवादनाची जागा.

चरईकर, आपण पाहिलेल्या दोन इमारतींमध्ये फक्त पाच वर्षांचे अंतर आहे आणि तेवढ्यात काय बदलले ते पाहण्यासारखे आहे. पेरी बारचे मूळ तोंड मूरिश, म्हणजे उत्तर आफ्रिका आणि स्पेनमधील मुस्लिम वास्तूंच्या, धर्तीचे होते, म्हणजे प्रेक्षकाला परदेशी राजवाड्यात शिरल्याचा भास व्हावा अशी कल्पना. १९३५ च्या किंगस्टँडिंगमध्ये, हॅरी वीडन यांच्या कार्यालयातील सेसिल क्लेव्हरिंग यांनी तो राजवाडा टाकून दिला. वीट, भट्टीत भाजलेल्या चकचकीत पिवळसर फरशा, गोलावलेले कोपरे, आणि ज्यांचा छताला किंवा भिंतीला काडीचा आधार नाही असे ते तीन उंच पर. त्यांचे काम एकच, दुरून दिसणे. चौकातून कुठल्याही रस्त्याने येणाऱ्या माणसाला पाटी वाचण्याआधी कळले पाहिजे की हे ओडियन आहे. आत मात्र खर्च बेताचा होता. दुसऱ्या कंपन्या आतल्या भिंतींवर स्वर्ग रंगवत होत्या तेव्हा डॉइचने पैसा रस्त्याच्या बाजूला लावला. परीक्षेत मी हे वाक्य जरा अधिक सभ्यपणे लिहिले होते.

शहरातील सर्वांत जुने चित्रपटगृह मात्र ओडियन नव्हते. न्यू स्ट्रीट रेल्वे स्टेशनच्या मागच्या बाजूला स्टेशन स्ट्रीटवर इलेक्ट्रिक नावाचे छोटे थिएटर १९०९ च्या डिसेंबरात उघडले. मधल्या काळात त्याने अनेक नावे घेतली. १९३७ मध्ये नव्याने बांधून ते टॅटलर न्यूज थिएटर झाले. गाडीला तासभर अवकाश असलेल्या प्रवाशाने आत जायचे, बातमीपट आणि व्यंगचित्रपट पाहायचे, आणि वेळ झाली की फलाट गाठायचा. मी पाहिले तेव्हा तिथे सोफे होते आणि सोफ्यावर बसून पेय मागवण्याची सोय होती. फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी ते बंद झाल्याची बातमी मी वाशीला लोकलमध्ये वाचली आणि उतरायचे स्टेशन चुकवले.

आपल्या प्रश्नावर मला सुचलेली एक गोष्ट मांडते. बर्मिंगहॅममध्ये इमारत टिकते आणि नाव जाते. ठाण्यात नाव टिकते. किंगस्टँडिंगची इमारत संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे, म्हणजे आत बिंगो खेळा नाही तर भजन करा, बाहेरच्या त्या तीन परांना हात लावायचा नाही. उलट ठाण्यात रिक्षावाल्याला 'वंदना' म्हणा, 'अशोक टॉकीज' म्हणा, तो मागे वळूनही पाहणार नाही. त्याचे वय पंचवीस असले आणि तिथे त्याने जन्मात सिनेमा पाहिलेला नसला, तरी तो तुम्हाला बरोबर तिथे उतरवील. एसटीच्या थांब्याने वंदनाला अमर केले आहे. आम्हा नवी मुंबईकरांचे मात्र दोन्हीकडून नुकसान आहे. सिडकोची स्थापनाच १९७० ची, त्यामुळे वाशीच्या मेघराजसारखे एखादे नाव सोडले तर हळहळावे इतके जुने थिएटर आमच्या वाट्याला आलेलेच नाही.

कार्बन

मी १९८६ ते १९९८ या काळात ठाण्यातील एका टॉकीजमध्ये आधी मदतनीस आणि नंतर ऑपरेटर होतो. टॉकीजचे नाव लिहीत नाही, कारण माझ्या शेवटच्या पाच महिन्यांच्या पगाराचा विषय अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही आणि नाव लिहिले की तो बाहेर येईल.

इमारतीच्या तोंडाविषयी नेरुळच्या ताईंनी लिहिलेले वाचले. मी पाठीविषयी लिहितो, कारण थिएटरचा जीव पाठीमागच्या खोलीत असतो. इंग्लंडमध्ये १९०९ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा झाला आणि १९१० पासून लागू झाला. तो मुळात आगीसाठी होता. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती पेटली की पाण्याने विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. म्हणून कायद्याने सांगितले की प्रोजेक्टर प्रेक्षकांपासून वेगळ्या, आगीला दाद न देणाऱ्या खोलीत ठेवा आणि झोत जाण्याच्या झरोक्याला चटकन पडणारे झाकण बसवा. रिकामे दुकान भाड्याने घेऊन, भिंतीवर चादर ताणून सिनेमा दाखवण्याचे दिवस त्यामुळे संपले आणि सिनेमासाठी म्हणून वेगळी इमारत बांधणे भाग पडले. चरईकरांचे पिक्चर हाऊस १९१० चे आणि ताईंचे इलेक्ट्रिक १९०९ च्या डिसेंबरचे, हा योगायोग नव्हे. आपल्याकडेही १९१८ च्या कायद्याने परवाना आणि सुरक्षितता यांचे नियम आले. नायट्रेट फिल्म १९५० च्या सुमारास बनायची थांबली. माझ्या वेळी ती नव्हतीच, तरीही आमच्या केबिनच्या झरोक्यांवर लोखंडी झाकणे होती आणि वाळूच्या लाल बादल्या होत्या. त्या बादल्यांचा उपयोग पान थुंकण्यासाठी होई, हे वेगळे.

केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर. दोन हजार फुटांचे एक रीळ साधारण वीस-बावीस मिनिटे चाले. रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका क्षणभर चमके. तो आमच्यासाठी. तो दिसला की दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची, काही सेकंदांनी दुसरा ठिपका येई आणि त्या क्षणी एक झडप बंद, दुसरी उघड. प्रेक्षकाला काही कळता कामा नये. ज्याला एकदा हा ठिपका दाखवला, तो माणूस पुढे कुठलाही सिनेमा शांतपणे पाहू शकत नाही, म्हणून मी घरी कुणाला दाखवला नाही. बायकोला दाखवला होता. तिने अजून माफ केलेले नाही.

दिवा म्हणजे कार्बनचा. दोन कांड्या, त्यांवर तांब्याचा पातळ मुलामा, टोकाला टोक लावून जरा दूर केल्या की मधल्या फटीत सूर्य पेटे. कांड्या जळत जातात, फट वाढते, प्रकाश पिवळा पडतो, मग फिरकीने त्या पुन्हा जवळ आणायच्या. मे महिन्यात, पत्र्याखालच्या त्या खोलीत, बनियन पिळून घ्यावे अशी स्थिती असे. वीज गेली की खालून शिट्ट्या आणि आमच्या आईवडिलांचा उद्धार. सिनेमा सुरेख दिसला तर खालच्या माणसाने कधी वर पाहिले नाही. काकांनी त्या निळ्या झोताविषयी लिहिले आहे. तो झोत निळा राहावा यासाठी वर एक माणूस फिरकीवर हात ठेवून उभा असे, एवढे सांगावेसे वाटले.

पाचपाखाडी

सर्वांचे लेखन रस घेऊन वाचले, पण जरा विरोधी सूर लावतो. ठाण्यातील ज्या बाकांवर आपण मोठे झालो त्यांत ढेकूण होते. तिसऱ्या रांगेतून घरी आल्यावर माझी आई मला अंगणात उभे करून कपडे झटकायला लावी आणि मगच उंबरा ओलांडू देई. स्वच्छतागृहाचा वास स्टॉलच्या मागच्या सहा रांगांपर्यंत येई. माझ्या मोठ्या बहिणीला मैत्रिणींबरोबर सिनेमाला जायचे तर मॅटिनी आणि तीही बाल्कनी, कारण खाली शिट्टीबहाद्दर. इंग्लंडमध्येही सगळीच ओडियन नव्हती. गल्लीतल्या हलक्या थिएटरांना तिथले लोक 'पिसवांचे खड्डे' म्हणत, यावरून काय ते समजा. आठवणींना वास नसतो म्हणून त्या गोड लागतात. (ओल्या कोटांचा अपवाद मान्य.)

चरईकरांचा मूळ प्रश्न बिंगोचा आहे आणि त्याला आकडे उत्तर देतात. मी आयुष्यभर हिशेब लिहिले, म्हणून मला तेच दिसतात. ब्रिटनमध्ये १९४६ मध्ये, युद्ध संपल्याच्या पुढच्या वर्षी, १६३ कोटींहून अधिक तिकिटे विकली गेली. देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास, म्हणजे माणशी वर्षाला तीसहून जास्त वेळा. १९८४ मध्ये तोच आकडा ५.४ कोटी झाला होता, म्हणजे माणशी जेमतेम एकदा. मध्ये आला दूरदर्शन संच. १९५३ च्या राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकासाठी लोकांनी तो घेतला, १९५५ मध्ये जाहिरातींवर चालणारी दुसरी वाहिनी लंडनमध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या परिसरात पोहोचली. करमणूक कर १९६० मध्ये रद्द केला, पण तोवर खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. त्याच १९६० मध्ये जुगाराचा नवा कायदा आला आणि बिंगोला मोकळीक मिळाली. आता मालकाच्या जागी बसून पाहा. हजार-दीड हजार माणसे बसतील असे सभागृह हाताशी आहे, ते बसथांब्यासमोर आहे, त्यात हीटर आहे, आणि सिनेमाला न येणाऱ्या त्याच बायका आठवड्यातून दोनदा बिंगोला यायला तयार आहेत. किंगस्टँडिंगचे ओडियन १९६२ मध्ये बिंगोकडे गेले ते याच हिशेबाने. बिंगोने या इमारती खाल्ल्या असे नाही. त्याने त्यांच्या छपरांची डागडुजी चालू ठेवली, नाही तर यादीत घालायला भिंती उरल्या नसत्या.

कोपरीकर काकांच्या रविवारच्या खेळांना मात्र दूरदर्शनने धक्का लावला नाही, कारण त्यावर हिंदी सिनेमा नव्हताच. ते खेळ मारले व्हिडिओने. १९८० च्या आसपास घरोघर व्हिडिओ प्लेअर आले, किराणा दुकानदार कॅसेट भाड्याने देऊ लागला, आणि ओला कोट घालून बाहेर पडण्याचे कारण संपले.

ठाण्यात तसे का झाले नाही, तर आपल्याकडे इमारतीपेक्षा तिच्याखालची जमीन महाग. नेरुळच्या ताई, नाव टिकते ते प्रेमाने नव्हे. आपल्याकडे पत्ता सांगायला रस्त्यांची नावे कुणी वापरत नाही, म्हणून टिकते.

नेरुळची वाचक

पाचपाखाडी, शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. पत्त्यासाठीच नाव हवे होते तर त्या थांब्याला समोरच्या दुकानाचे नाव चालले असते, बँकेचे चालले असते. लोकांनी टॉकीज निवडली. तिथे प्रत्येकाने एकदा तरी कुणाची तरी वाट पाहिलेली असते.

ढेकणांबद्दल मात्र बिनशर्त माघार.

कोपरीकर

पाचपाखाडी म्हणतात ते व्हिडिओचे खरे आहे. १९८३ मध्ये मी आठ दिवसांसाठी पुन्हा बर्मिंगहॅमला गेलो तेव्हा माझा जालंधरचा सोबती मला मुद्दाम त्या थिएटरकडे घेऊन गेला. दाराला साखळी होती. किराणा दुकानात पोत्यांच्या वर आता कागदाऐवजी कॅसेटींची फळी होती. समोसेवाल्या बाई गल्ल्यावर बसलेल्या होत्या, दुकान त्यांच्या मुलाचे निघाले. त्यांनी मला ओळखले नाही, पण समोसा दिला.

आणखी एक. युद्धाच्या काळात, १९४० च्या ऑक्टोबरात, स्पार्कब्रुकमधील कार्लटन चित्रपटगृहावर बॉम्ब पडला होता. माझी घरमालकीण त्या रात्री तिथे जाणार होती आणि मैत्रिणीचे दात दुखत असल्यामुळे गेली नाही. हे ती आम्हाला दर हिवाळ्यात सांगे, आणि दर वेळी शेवटी म्हणे की तो सिनेमा तिने पुढेही कधी पाहिला नाही. चरईकर, हे भाषणात घेतलेत तरी चालेल, ती आता हरकत घ्यायला नाही.

चरईकर

चाळीस मिनिटे भरली, किंबहुना आता काय वगळावे हा प्रश्न आहे. पिकॅडिली आर्केडचा उतार, कोपरीकरांचा ओला कोट आणि नवे पैसे, ताईंचे तीन पर, पाचपाखाडींचा हिशेब, एवढे नक्की. ढेकूण मी शेवटी ठेवतो, कारण तो विषय निघाला की आमच्या कट्ट्यावर पुढे कुणाला कुणाचे ऐकू येणार नाही.

कार्बन, एक विनंती. तुमच्याकडे त्या जळक्या कांड्यांपैकी एखादे थोटूक असेल का? नुसते सांगून त्यांना तो सूर्य दिसणार नाही.

कार्बन

दोन आहेत. एक बोटभर लांब, त्यावर तांबे अजून दिसते, दुसरे अगदी थोटूक. स्वयंपाकघरातल्या खणात दोऱ्याच्या रिळाशेजारी असतात. भाषणाच्या रविवारी मी स्वतःच घेऊन येईन, कारण ते कसे धरायचे हेही दाखवावे लागेल. खाली वर्तमानपत्र अंथरून ठेवा आणि मंडळींना सांगा की पांढरे कपडे घालून येऊ नका. हात लावला की बोटे दोन दिवस काळी राहतात.